मानिर्रोतो

प्रिय बंड्या,

उत्तराला उशीर झाला. एका शब्दाने डोकं खाल्लंय.

स्पॅनिशच्या वर्गात बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'मानिर्रोतो'. 'मानो' म्हणजे हात, 'रोतो' म्हणजे मोडका, फाटका. मी लगेच ठोकून दिलं, प्लास्टरमधला माणूस! बाई हसत सुटल्या. अरे, मानिर्रोतो म्हणजे उधळ्या. फाटक्या हातात पैसा थांबेल कसा? आई मला 'हात सैल आहे तुझा' म्हणायची, तेच की.

आता गंमत बघ. 'मानो'मधला ओ गेला आणि इ आली. 'बोका' म्हणजे तोंड, 'आब्येर्तो' म्हणजे उघडं. झाला 'बोकियाब्येर्तो', आ वासलेला. 'आला' म्हणजे पंख, 'काईदो' म्हणजे गळालेला. 'आलिकाईदो' म्हणतात ते मात्र पक्ष्याला नव्हे, हिरमुसलेल्या माणसाला. ही मधली इ लॅटिनची पुरचुंडी. तिथे शेतकऱ्याला 'अग्रिकोला' म्हणायचे, त्यातला सांधा हाच. आणि शब्द जोडला की 'रोतो'चा र दुहेरी लिहायचा, नाहीतर दोन स्वरांत सापडून त्याचा खडखडाट जातो. माझा तरीही जातोच.

शाळेत बहुव्रीही घोकला होता, आठवतो? हात मोडका, पण शब्द हाताचा नाही, हात ज्याचा त्याचा. युरोपातले भाषापंडितही या जातीला 'बहुव्रीही'च म्हणतात. त्या शब्दाचा अर्थ, ज्याच्या घरी भात भरपूर तो. म्हणजे जातीला नाव श्रीमंताचं आणि उदाहरणाला मी! आपला नीलकंठ विशेषण पुढे घेऊन येतो. स्पॅनिशमध्ये अवयव आधी, आपल्या कानफाट्यासारखा. एकदा नाव पडलं की पडलं.

असे शब्द बहुतेक अंगाचेच. बैलांच्या झुंजीतल्या बारीक, टोकदार शिंगांच्या बैलाला 'आस्तिफिनो' म्हणतात. १६१५ साली आलेल्या 'डॉन किहोते' कादंबरीच्या दुसऱ्या भागात सरदार किहोतेचा सेवक सांचो गाढवावरच्या एका खेडवळ पोरीला त्याच्या स्वप्नातली राजकन्या दुल्सिनेआ म्हणून पुढे करतो. आपल्या सरदाराला दिसते फक्त 'कारिर्रेदोंदा', गोल तोंडाची, वर नकटी. एका शब्दात राजकन्या उतरवली बघ गाढवावरून!

वहिनींना नमस्कार सांग. तुझे बाराशे रुपये लक्षात आहेत, पण मागच्या आठवड्यात मी एक जाडजूड स्पॅनिश शब्दकोश घेतला. त्यात मानिर्रोतो आहे.

तुझा,
नाना