कोल्ड स्टोरेजमधल्या कुंडीबद्दल

भाऊ,

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून नुसतं भाऊ. पण आभार चारचौघांतच मानणार, कारण त्या कुंडीपायी माझं हसंही चारचौघांतच झालं.

नाशिकला गंगापूर रोडवर आमच्या घरामागे आंब्याखाली ऊन पोचत नाही. तिथे मी कुंडीत पांढऱ्या काठाचा होस्टा ठेवला, सावलीतलं शोभेच्या पानांचं झाड. पहिल्या पावसाळ्यात गोगलगायींनी पानांची चाळण केली, तेही सोसलं. दुसऱ्या वर्षी मात्र पान पंजाएवढंही होईना. ‘बारा महिने हिरवा राहतो’ म्हणून ज्यांनी विकला ते म्हणाले, खत कमी पडतंय. खत घातलं. मग म्हणाले, पाणी जास्त होतंय. मग फोनच उचलेनात.

आणि तुम्ही, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले अनोळखी, जिलबी वाढून होईपर्यंत विचारलंत, “मूळचा कुठला?” जपान-कोरियाकडचा म्हटल्यावर हसलात. “ताई, त्याची झोप होत नाही. द्राक्षालाही इथे पुरती थंडी मिळत नाही, म्हणून आम्ही ऑक्टोबर छाटणीनंतर काडीला औषधाची पेस्ट लावून डोळे फोडतो, म्हणजे कोंब जागे करतो. याला थंडीच पाहिजे.” खरंच होतं ते. पानं टाकून सहा-आठ आठवडे 5 अंशांच्या आतबाहेर पडून राहायचं, असा त्याचा हिवाळा. आपल्या निफाडला पारा 5 वर आला की पेपरात बातमी येते, पण दुपारी पुन्हा 28! म्हणून तुम्ही कुंडी तुमच्या द्राक्षाच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवून घेतलीत.

फेब्रुवारीअखेर कुंडी न्यायला आले तेव्हा मनात धरूनच आले होते की हंगामाच्या धांदलीत कोणीतरी फेकली असणार. क्रेटच्या थप्पीमागे ती गोणपाटात गुंडाळलेली होती. वर सुतळीने बांधलेला द्राक्षाच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर मार्करने तुमचं अक्षर: ‘मेलेलं नाही. झोपलंय. हलवू नये.’ आणि खाली दुसऱ्याच कोणाच्या अक्षरात: ‘बरं.’

भाऊ, मी तिथेच रडले. जिथे पेटीपेटीचं भाडं मोजतात, तिथे एका परक्या बाईच्या मातीच्या कुंडीसाठी तुम्ही पुठ्ठा कापत बसलात. भाडं सोडा, चहाचे पैसेसुद्धा देऊ दिले नाहीत. अशी माणसं अजून आहेत, आणि ती जाहिरात करत नाहीत.

पाडव्याच्या सुमारास पाच कोंब आले, गुंडाळलेल्या विड्यासारखे. त्यातला एक अख्खा हिरवा निघाला. हिरव्याला जोर जास्त, ठेवला तर पांढऱ्या काठाच्यांना दाबून टाकतो, म्हणून मुळासकट वेगळा केला. टाकवला मात्र नाही. तो तुमच्यासाठी लावलाय.

डिसेंबरात दोन कुंड्या आणते. पुठ्ठा माझ्याकडेच आहे.

तुमची,
पंगतीतली ताई