पेजमेकरच्या फायली आणि कम्प्युटरच्या पोटातला कम्प्युटर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाला तेव्हापासून आमच्या गल्लीतल्या भंगारवाल्याकडे सीपीयूंची थप्पी लागलीय. पतसंस्था, क्लासवाले, झेरॉक्सवाले, सगळ्यांनी जुनं काढून नवीन आणलं, कारण विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते आणि जुन्या मशीनला बहुतेक ती नसतेच. आणू देत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मी कराडला २४ वर्षं डीटीपीचं, म्हणजे कम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं काम करतेय, त्या डब्यांच्या हार्डडिस्कवर काय काय पडलंय ते मला चांगलं माहितीये, आणि त्यातलं बरंचसं मराठी आता कुठेच उघडणार नाहीये म्हणून हे पत्र लिहायला बसले.

ज्यांनी डीटीपी केलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. साधारण ९५ पासून पुढची पंधरा वर्षं गावोगावच्या पत्रिका, स्मरणिका, सोसायट्यांचे अहवाल, दिवाळी अंक, कवितासंग्रह हे सगळं पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये लागायचं. पेजमेकर ७ आलं २००१ ला आणि तीच शेवटची आवृत्ती, त्यानंतर अडोबी कंपनीने ते पुढे नेलंच नाही. त्यात युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या कम्प्युटरवर एकच ठरलेला नंबर द्यायची पद्धत, चालत नाही. मग मराठी कसं यायचं, तर फॉन्ट बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागेवर आपली अक्षरं बसवलेली, कुठे ‘क’ कुठे अर्धा ‘ष’ कुठे नुसता काना, आणि प्रत्येक कंपनीची बसवायची पद्धत निराळी. श्रीलिपीत केलेला मजकूर आकृतीच्या फॉन्टमध्ये वाचता यायचा नाही. म्हणजे फाइलमध्ये मराठी नाहीच आहे, इंग्रजी अक्षरांची खिचडी आहे, आणि तो ठराविक फॉन्ट असला तरच ती मराठी दिसते. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे पण आमच्या धंद्यात ते पोचायला फार वर्षं गेली.

आता मागच्या श्रावणात पाटणकडच्या एका गावातून एक ताई आल्या. त्यांच्या आईच्या जात्यावरच्या ओव्यांची ९६ पानी पुस्तिका आम्हीच २००३ ला लावली होती, आई आता नाहीत, पुस्तिकेची एकच प्रत घरात उरलीय तीही पाणी लागलेली, आणि त्यांना ती परत छापायचीय. त्यांनी पिशवीतून सीडी काढली, वर माझ्याच हातची स्केचपेनची अक्षरं. सीडी वाचली गेली हेच मोठं नशीब. पण फाइल उघडायची कशात? नवीन मशीनवर पेजमेकर बसेना. इनडिझाइन या त्याच कंपनीच्या पुढच्या सॉफ्टवेअरच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकरची फाइल उघडायच्या, पुढच्यांनी ते काढून टाकलं. आणि जुनं विंडोज एक्सपीचं मशीन मे महिन्यातच गेलेलं, बोर्डावरचे कपॅसिटर फुगून. ज्यांच्याकडून मराठी सॉफ्टवेअर घेतलं होतं त्यांना फोन केला तर जुन्या डोंगलला (यूएसबीत लावायची किल्ली, तिच्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही) आता सपोर्ट नाही, नवीन घ्या, एवढंच उत्तर. नवीन घेऊन ही फाइल उघडेल का म्हटलं तर त्याची खात्री देता येणार नाही म्हणाले. ताईंना दोन आठवड्यांनी या म्हटलं, पण मला रात्री झोप लागली नाही. ते मी स्वतः लावलेलं काम होतं.

गौरी-गणपतीला भाचा आला, तो पुण्यात आयटीत आहे. त्याला सांगितलं तर म्हणाला, मावशी, मशीन मेलं म्हणून काय झालं, एक्सपी या नव्या कम्प्युटरच्या पोटातच चालवू. मला वाटलं काहीतरी जुगाड असेल, पण ही पक्की जुनी विद्या आहे, आयबीएमने मोठ्या मेनफ्रेम मशीनवर १९७२ लाच व्हीएम/३७० नावाने हेच दिलं होतं. आणि मायक्रोसॉफ्टने २००९ ला विंडोज ७ प्रोफेशनलच्या गिऱ्हाइकांना एक्सपी मोड दिला होता तोही हाच प्रकार, म्हणजे लोकांची जुनी कामं जुन्या विंडोजवर अडकलीत हे त्यांनाही कळलं होतं.

आम्ही वापरलं ते व्हर्च्युअलबॉक्स. फुकट मिळतं, जर्मनीतल्या इनोटेकने काढलं, मग सनकडे गेलं आणि २०१० पासून ओरॅकलकडे आहे. ते तुमच्या चालू सिस्टिमच्या आत एक खोटा कम्प्युटर उभा करतं, त्याला आपल्यातली थोडी रॅम देतं, एक मोठी फाइलच त्याची हार्डडिस्क म्हणून दाखवतं, आणि आतल्या विंडोजला वाटतं आपण खऱ्या मशीनवरच बसलोय. माझ्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम आहे, रॅम ८ जीबी. त्यातली १ जीबी एक्सपीला दिली, आणि ज्या एक्सपीला कमीत कमी ६४ एमबी लागायची तिला ती म्हणजे राजवाडाच. डिस्क २० जीबीची केली. सीडी आमचीच होती, बिलासकट जपून ठेवलेली. इन्स्टॉल झालं आणि लिनक्सच्या एका खिडकीत ते हिरवं माळरान आणि निळं आभाळ दिसलं तेव्हा खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं.

अडलो तीनदा. आधी हे आतलं मशीन सुरूच होईना, तर बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन (आत दुसरा कम्प्युटर चालवायची सोय) बंद होतं, ते चालू करावं लागतं, इंटेलच्या बोर्डावर त्याला व्हीटी म्हणतात आणि एएमडीच्या बोर्डावर एसव्हीएम. मग डोंगल. यूएसबीत घातलं तर ते लिनक्सला दिसायचं, आतल्या एक्सपीला नाही. लिनक्सवर आपला युजर व्हीबॉक्सयूजर्स नावाच्या ग्रुपात घालावा लागतो, ते केल्याशिवाय काही दिसत नाही, यातच एक दुपार गेली. ते झाल्यावर मेन्यूतून डोंगलवर टिक केली, त्याचा लाल दिवा लागला आणि मराठी सॉफ्टवेअर वीस वर्षांपूर्वी चालायचं तसंच चालू झालं. तिसरं म्हणजे प्रिंटर. पेजमेकरला पोस्टस्क्रिप्टचा (छपाईचं पान प्रिंटरला सांगायची भाषा) प्रिंटर दिसला नाही तर ते नीट वागत नाही, म्हणून आत एक नावापुरता पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर टाकला, त्याची प्रिंट फाइलमध्ये घेतली, ती फाइल शेअर्ड फोल्डरने बाहेर आणली आणि लिनक्सवर तिची पीडीएफ केली. बाहेरच्या आणि आतल्या मशीनमध्ये देवाणघेवाणीला हा शेअर्ड फोल्डर फार सोयीचा, पेन ड्राइव्ह लावायलाच नको.

मग ओव्यांची फाइल उघडली. ‘पहिली माझी ओवी’ ही ओळ, तोच फॉन्ट, समासात मी तेव्हा लावलेली तुळशीवृंदावनाची बॉर्डर, सगळं जिथल्या तिथे. ताईंना फोन लावला तर त्यांना बोलताच येईना.

पण एवढ्यावर थांबायचं नाही. पीडीएफ छापता येते पण त्यात शब्द शोधता येत नाही, त्यातला मजकूर उचलून मोबाइलवर पाठवला तर तो परत खिचडी. म्हणून पेजमेकरमधून मजकूर उचलून कन्व्हर्टरने युनिकोड करायचा. इथे माणूस लागतो, मशीनवर सोडून चालत नाही. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते आणि युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफार उलटा, जुन्यात अक्षरानंतर आणि युनिकोडमध्ये आधी. कन्व्हर्टर चुकला की ‘सूर्य’ चं ‘सूयर्’ होतं, जोडाक्षरं फाटतात, कुठे कुठे ‘श्र’ गायबच. शिवाय ओव्यांमध्ये बोलीतले शब्द, ते कुठल्या डिक्शनरीत नाहीत, तेव्हा स्पेलचेक काय सांगणार. मी जुनी प्रत शेजारी ठेवून ओळ न ओळ वाचते.

माझं म्हणणं एवढंच की ज्यांच्याकडे जुनी मशीन्स अजून चालू आहेत त्यांनी ती भंगारात घालण्याआधी हे करून घ्यावं, कारण मशीन चालू आहे तोवर फॉन्ट, पेजमेकर आणि मराठी सॉफ्टवेअर सगळं एकत्र आहे, हार्डडिस्क एकदा भंगारात गेली की फॉन्ट शोधत बसावं लागतं. चालू मशीनची हार्डडिस्क जशीच्या तशी फाइलमध्ये उचलता येते, मायक्रोसॉफ्टचंच डिस्क-टू-व्हीएचडी नावाचं फुकट टूल आहे, आणि ती फाइल व्हर्च्युअलबॉक्सला लावता येते. मात्र एक्सपी असेल तर ती डिस्क आत आयडीई (डिस्क जोडायची जुनी पद्धत) म्हणून जोडा, साटा (नवी पद्धत) म्हणून जोडली की निळा स्क्रीन येतो, आणि मशीन बदललं म्हणून एक्सपी परत ॲक्टिव्हेशनही मागू शकतं. लायसनचंही बघा, मशीनसोबत आलेली विंडोज बहुतेक त्या मशीनपुरतीच असते. व्हर्च्युअलबॉक्स फुकट असलं तरी त्याचं एक्स्टेन्शन पॅक (जादा सोयींची जोड) ऑफिसातल्या कामाला फुकट नाही. एम-वन वगैरे चिपच्या मॅकवर हे इतकं सरळ चालत नाही, त्या चिपची भाषाच वेगळी. आणि आतल्या एक्सपीचं इंटरनेट पूर्ण बंद ठेवा, तिला एप्रिल २०१४ पासून सुरक्षेचे नेहमीचे अपडेट नाहीत. सगळं नीट लागलं की एक स्नॅपशॉट, म्हणजे आतल्या मशीनची त्या घडीची नोंद घ्या, म्हणजे जुन्या सीडीतून व्हायरस आला तरी क्लिक केलं की होतं तसं परत, आणि ती डिस्कची फाइल दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी करून ठेवा. डोंगलची मात्र कॉपी होत नाही, ते जपा.

प्रेसवाले करतील न करतील, पण तालुक्याच्या वाचनालयांनी, छोट्या साप्ताहिकांनी, दिवाळी अंक काढणाऱ्यांनी तरी हे मनावर घ्यावं. एका अंकात दोनशे पानं, असे वीस वर्षांचे अंक सीड्यांवर पडलेत आणि त्या सीड्याही काही जन्मभर टिकत नाहीत, माझ्याकडच्या काही आताच वाचल्या जात नाहीत. जिल्हा ग्रंथालयात असं एकच मशीन लावलं आणि डीटीपीतला एक जुना माणूस आठवड्यातून दोन दिवस बसवला तरी पुष्कळ होईल. आमच्यासारखे ऑपरेटर अजून आहेत, कुठल्या फायलीला कुठला फॉन्ट हे स्क्रीनवरची खिचडी बघूनच सांगतात. आमच्यातले बरेच साठीला आलेत. आपल्या पेपरने हा विषय लावून धरला तर वाचनालयांपर्यंत पोचेल, आणि खरं म्हणजे पेपरांच्याही जुन्या आवृत्त्या याच फायलींत असतील.

ओव्यांची ७१ पानं झालीत. जिथे मला शब्द लागत नाही तिथे ताईंना फोन करते, त्या ओवी म्हणून दाखवतात आणि मी टाइप करते. पुस्तिका दिवाळीपर्यंत होईल.

आपली,
एक डीटीपी ऑपरेटर, कराड