पूल होईल तेव्हा होईल, प्रसाविका आधी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कळा सुरू झालेल्या एखाद्या बाईला खाटेवर घालून चार माणसे नाला ओलांडत असल्याचे छायाचित्र दर पावसाळ्यात आपल्या दैनिकात येते आणि त्यानंतर आठवडाभर रस्ता, पूल आणि रुग्णवाहिका यांची चर्चा होते. या मागण्या रास्तच आहेत. परंतु गडचिरोलीच्या दक्षिण भागात एकतीस वर्षे आरोग्य सेविका म्हणून काम केल्यानंतर ते छायाचित्र पाहताना माझ्या मनात वेगळाच प्रश्न येतो. ती खाट ज्या गावातून निघाली आणि ज्या उपकेंद्रापर्यंत पोहोचली, त्या दोन्ही ठिकाणी बाळंतपण जाणणारे कोणी होते का?

भाताच्या रोवणीच्या दिवसांतील एक रात्र मला आजही जशीच्या तशी आठवते. तिसरेपणाची बाई होती, बाळ सुखरूप झाले, वारही पूर्ण पडली, पण रक्त थांबेना आणि पोटावर हात ठेवला तर गर्भाशय अगदी मऊ लागत होते. चार दिवसांपासून वीज नव्हती. गर्भाशय आवळून रक्त थांबविणाऱ्या ऑक्सिटोसिनवर ते थंड राहिले नसेल तर भरवसा ठेवता येत नाही, हे ठाऊक असूनही मी इंजेक्शन दिले, लघवीची पिशवी रिकामी केली आणि पोटावरून गर्भाशय चोळत राहिले. तिच्यासोबत आलेल्या म्हाताऱ्या दाईने न सांगताच बाळ अंगावर लावले. बऱ्याच वेळाने हाताखालचा तो गोळा कच्च्या बेलफळासारखा घट्ट झाला. बाई वाचली. हे शहाणपण माझे नव्हते. प्रसूती कक्षात माझ्या हातावर हात ठेवून ते शिकविणाऱ्या एका जुन्या आरोग्य सहायिकेचे होते.

काही वर्षांनी दुसऱ्या एका उपकेंद्रात तसाच प्रसंग आला तेव्हा तिथे नुकतीच लागलेली कंत्राटी मुलगी होती. तिने फोन केला, जीप मिळविली आणि बाईला पुढे पाठविले. बाई वाटेतच गेली. त्या मुलीला मी दोष देत नाही, कारण प्रशिक्षणात तिने बाळंतपणे दुरून पाहिली होती, स्वतःच्या हातांनी फार थोडी केली होती, आणि नोकरीत आल्यापासून तिचा दिवस लसीकरण, सर्वेक्षण, नोंदवह्या आणि मोबाईलवरील माहिती भरण्यात जात होता. आरोग्य सेविकेच्या मूळ पदनामात ‘सहायक परिचारिका प्रसाविका’ असे शब्द आहेत; प्रसाविका म्हणजे बाळंतपण करणारी. त्यातला शेवटचा शब्द आपण हळूहळू कागदावरच ठेवला आणि अडचणीच्या वेळी ‘रेफर करा’ एवढेच तिच्या हाती उरले. सिरोंचाहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या घरात आहे, आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव बाईला दोन तासांचीही सवड देत नाही.

राज्याचा मातामृत्यू दर २०१८-२० या काळात लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता, देशाचा ९७. याचा अभिमान जरूर बाळगावा, पण या सरासरीत आमचे भामरागड किंवा मेळघाटातील धारणी वेगळे दिसत नाही. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे सर्वांना माहीत आहे. प्रसूतीपूर्वी आरोग्य केंद्राजवळ येऊन राहण्यासाठी ‘माहेरघर’ची सोय आहे आणि ती चांगली आहे. मात्र पुराचे आणि रोवणीचे दिवस एकच असतात. घरची रोवणी आणि दोन लहान लेकरे टाकून पंधरा दिवस आधी येऊन राहणे किती जणींना जमते, हे आम्ही जवळून पाहिले आहे.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये मिडवायफरी म्हणजे प्रसाविका सेवेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार अनुभवी परिचारिकेला १८ महिन्यांचे खास प्रशिक्षण देऊन सर्वसाधारण बाळंतपण स्वतःच्या जबाबदारीवर करण्यास आणि धोका वेळेत ओळखण्यास तयार करायचे आहे. मात्र प्राधान्य आहे ते जिथे बाळंतपणे भरपूर होतात अशा रुग्णालयांना. हा हिशेब मला समजतो, पण पटत नाही. जिथे डॉक्टर हाकेच्या अंतरावर आहे तिथे प्रसाविका आधी आणि जिथे नाल्यापलीकडे कोणीच नाही तिथे शेवटी, असे होऊ नये. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा, धारणी आणि चिखलदरा या तालुक्यांसाठी ही पदे वेगळी व कायम स्वरूपाची मंजूर करावीत आणि त्यांसाठी माडिया, गोंडी, कोरकू बोलणाऱ्या तिथल्याच मुलींना नर्सिंग शिक्षणापासून हात द्यावा. कळा देताना बाईला आपल्या बोलीत कोणी बोलले तर ती ऐकते. नाही तर ती अंग चोरते आणि पुढच्या वेळी येतच नाही.

गावातल्या बाया हे काम शिकू शकतात का, अशी शंका काढणाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्याकडे पाहावे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत स्थानिक बायांना नवजात बाळाची घरीच काळजी घेण्यास शिकविले, बालमृत्यू मोठ्या प्रमाणात घटले, त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि पुढे देशभरातील आशा तेच काम करू लागल्या. दाईलाही असेच सोबत घ्यावे. तिच्या हातून बाळंतपण करवून घ्यावे असे मी म्हणत नाही, पण सरकारी दवाखान्यात जन्मसोबती, म्हणजे बाळंतपणात बाईजवळ थांबणारी सोबतीण, ठेवण्याची मुभा २०१६ पासून आहे. ती जागा बाईची इच्छा असल्यास दाईला मिळाली, तर दाईच बाईला वेळेवर घेऊन येईल.

आणखी एक गोष्ट पैशांपेक्षा नियोजनाची आहे. दुर्गम उपकेंद्रात वर्षाला मोजकीच बाळंतपणे होतात आणि हाताची सवय जाते. म्हणून तिथल्या प्रत्येक प्रसाविकेला दरवर्षी दोन महिने जिल्ह्याच्या महिला रुग्णालयातील प्रसूती कक्षात काम द्यावे व तेवढ्या काळासाठी बदली प्रसाविका पाठवावी. राहण्यासाठी दार लागणारे, पाणी असणारे घर आणि औषधांच्या फ्रीजसाठी सौरऊर्जा एवढे तरी असावे. जिथे थंड साखळी टिकतच नाही तिथे रक्तस्रावावरच्याच मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या कायम शिल्लक असाव्यात, कारण त्यांना फ्रीज लागत नाही.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती आहे. पुढच्या पावसाळ्यात खाटेवरच्या बाईची बातमी येईल तेव्हा पुलासोबत एवढेही विचारावे, की तिथल्या उपकेंद्रातले पद भरलेले होते का, ती सेविका मुक्कामी होती का, आणि तिने स्वतःच्या हातांनी शेवटचे बाळंतपण कधी केले होते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्य सेविका, जि. गडचिरोली