‘इंदू’चाही उल्लेख व्हावा

महोदय,

कॅमेऱ्याच्या बंद पडलेल्या फिल्मचा विषय निघाला की कोडॅकने २००९ मध्ये थांबवलेल्या कोडाक्रोम या रंगीत फिल्मचे गोडवे गायले जातात, आणि ते रास्तही आहे. मात्र उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यात एकेकाळी तयार होणाऱ्या ‘इंदू’ या कृष्णधवल फिल्मची व फोटो छापायच्या कागदाची आठवण क्वचितच निघते. परदेशी मालाची सर त्याला होती, असा दावा मी करणार नाही. तरीही लाल दिव्याच्या उजेडात, डेव्हलपर या रसायनाच्या ट्रेमध्ये चिमट्याने हलवत राहिलेल्या त्या कागदावर आधी केस, मग डोळ्यांच्या बाहुल्या आणि अगदी शेवटी गालांवरची फिकट छटा उमटताना ज्यांनी पाहिली, त्यांना त्याची उणीव आजही जाणवते. इल्फर्ड या ब्रिटिश कंपनीचा कागद अजून मिळतो, पण आयात मालाचा दर हौशी माणसाच्या खिशाला झेपणारा नाही. जुन्या स्टुडिओंच्या माळ्यावर ‘इंदू’ची पाकिटे, प्रिंट आणि निगेटिव्ह पडून असतील, तर ती रद्दीत न घालता एखाद्या संग्रहालयाकडे सोपवावीत, अशी स्टुडिओचालकांना आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे.

– एक वाचक, सातारा