हेळ्याच्या ढोलीतली बाई

जांबोटी, ता. खानापूर
१८ एप्रिल

प्रिय सुऱ्या,

तुझे तीन फोन उचलले नाहीत, म्हणून फुगला असशील. रानात रेंज नसते हे निम्मंच खरं. महिनाभर मी रोज सकाळी सहा ते नऊ एका झाडासमोर बसून असतो. फोनवर हे सांगितलं असतं तर तू हसून विषय बदलला असतास. म्हणून पत्र.

ओढ्याच्या वरचा जुना हेळा आठवतो? बेहडा रे, मुंबईत राहून नाव विसरला असशील तर. त्याच्या ढोलीतून धनेशाच्या चोचीचं टोक दिसलं आणि तू म्हणालास, नवऱ्यानं बायकोला कोंडलंय, दार फोडूया. काठी घेऊन निघालासही. माझ्या आजीनं शिव्या घालत परत ओढून आणलं.

यंदा त्याच ढोलीत कवड्या धनेशाची जोडी आलीय. कन्नडवाले शेजारी त्याला मंगट्टे म्हणतात. आणि लेका, तुझं तेव्हाचं म्हणणं साफ चुकीचं होतं. ती आपली आपणच कोंडून घेते. आत शिरल्यावर स्वतःची विष्ठा आणि फळांचा चोथा चोचीच्या कडेनं थापत दार लिंपते. गवंडी थापी मारतो ना, अगदी तशी मान हलते. शेवटी चोच बाहेर येईल एवढी उभी फट ठेवते, बस्स. आत असतानाच तिची उडायची पिसं झडून नवी येतात, म्हणजे मनात आलं तरी तिला उडता येणार नाही. पिल्लं मोठी होईपर्यंत तिचं सगळं नवऱ्याच्या खेपांवर.

तो आधी समोरच्या फांदीवर बसतो, मान वाकडी करून आजूबाजूला बघतो. खात्री पटली की खोडाला बिलगतो आणि घशातून एकेक फळ वर काढून फटीत देतो. उंबरं, नांदरुकाची फळं, पिल्लं झाली की किडे आणि सरडेही. जादूगार तोंडातून चेंडू काढतो तसं, एक संपलं की दुसरं हजर. मी मोजायला लागलो की मध्येच चुकतो.

काजऱ्याचं फळसुद्धा खातो! ज्याच्या बियांच्या विषाचं नाव काढलं तरी आपली आई घाबरायची, तेच. गर पचवतो, बी टाकून देतो. कुठं काय खाल्लं ते झाडाखाली वाचता येतं. विष्ठा आणि बिया फटीतून बाहेर फेकतात, त्यामुळे हेळ्याच्या बुंध्याशी रानाची रोपवाटिकाच झालीय.

गेल्या मंगळवारी तो आलाच नाही. सात वाजले, आठ वाजले. फटीतून चोच दोनदा बाहेर आली, आत गेली. मला एकदम आजीच्या फडताळातली काळपट बाटली आठवली. धनेशाच्या चरबीचं तेल, गुडघ्याला लावायला. तुला ढोल फोडू न देणारी तीच म्हातारी रोज रात्री ते चोळायची, आणि त्या तेलासाठी कुणीतरी कुठंतरी नर पाडला असणार. विणीच्या दिवसांत नर पाडला तर ढोलीतल्या सगळ्यांचीच उपासमार, हे तिला ठाऊक होतं का, आता कुणाला विचारू? साडेनऊला तो आला. मी शेंगा खात बसलो होतो, त्या हातातून सांडल्या.

मोठा धनेश, ही दुसरी जात, तोही अधूनमधून वरून जातो. आधी आवाज येतो. लोंढ्याकडं चढणीला लागलेल्या जुन्या इंजिनासारखं हुस्स हुस्स. बाकी पाखरांच्या पंखाखाली जी बारीक पिसं असतात ती याला पुरेशी नसतात, म्हणून वारा मधून घुसतो. या जातीत बाई पिल्लं अर्धी वाढली की बाहेर येते, आणि मग पिल्लं आतून स्वतःच दार पुन्हा लिंपतात. हे वाचलं तेव्हा मी दोनदा वाचलं.

तू रोज फोर्टात उतरतोस ना? लायन गेटसमोर हॉर्नबिल हाउस आहे, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं. त्यांच्या बोधचिन्हातला धनेश म्हणजे विल्यम. तो आपल्या शेजारच्या कारवारहून गेलेला. १८९४ पासून १९२० पर्यंत सोसायटीच्या कचेरीत राहिला. एकदा आत जाऊन ये, माझं नाव सांगू नकोस, कुणी ओळखत नाही.

आपल्या तालुक्यातलं भीमगडचं रान २०११ मध्ये अभयारण्य झालं, त्याच साली दांडेलीला काळी नदीकाठी खास धनेशासाठी राखीव क्षेत्र झालं. पण धनेशाला सुतारासारखी ढोल पाडता येत नाही, जुनं पोकळ झाडच लागतं. आमचा हेळा अभयारण्याच्या हद्दीबाहेर, मालकीच्या जमिनीत आहे. मालकाला भेटलो, चहा झाला, हेळ्याचा विषय निघाला. तो म्हणाला, दिवाळीपर्यंत तरी तोडत नाही. दिवाळीनंतरचं मी विचारलं नाही.

मे संपायच्या आत ये. बेळगावहून चोर्ल्याकडं जाणारी गाडी धर, जांबोटीला उतर. पांढरा शर्ट नको, वहिनींची दुर्बीण आण, आणि कुंदा आणायला विसरू नकोस. काठी मात्र घरीच ठेव.

तुझा,
पांड्या