जेल रोडच्या काकांना, सात माळांबद्दल

प्रिय काका,
सा. न.

गेल्या रविवारी माळ्यावरचं सामान काढताना कॉम्प्युटरच्या प्रिंटर पोर्टाची ती जुनी केबल हाताला लागली. पंचवीस पिनांचा कनेक्टर, दुसऱ्या टोकाला सुट्या वायरी आणि प्रत्येक वायरीला गुंडाळलेल्या पांढऱ्या टेपवर तुमच्या अक्षरातले आकडे, २ ते ९. दोनवर फुली. २००३ च्या गणपतीत तुम्ही जे केलंत त्याबद्दल मी तुम्हाला धड धन्यवादही दिले नव्हते. विसर्जनाच्या धावपळीत राहिलं आणि मग राहूनच गेलं. ते आज सगळ्यांसमोर देतो.

तेव्हा मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो. लहानपणापासून अनंत चतुर्दशीला रात्रभर जागून आपल्या इंदूरच्या गिरण्यांच्या झाँक्या, म्हणजे दिव्यांचे चित्ररथ, बघितलेल्या, त्यामुळे पळत्या दिव्यांचं वेड डोक्यात होतंच. आमच्या रामबागेतल्या मंडळाला मी सांगून बसलो की दिव्यांच्या आठ माळा लावू आणि कॉम्प्युटरने एकामागून एक पळवू. कागदावर सगळं सोपं होतं. प्रिंटरच्या पोर्टात पिन २ ते ९ या आठ डेटा लाइन. टर्बो सी मध्ये प्रोग्राम लिहून पोर्टाच्या हेक्स ३७८ या पत्त्यावर १ लिहिलं की पहिली वर, म्हणजे पाच व्होल्टच्या आसपास, २ लिहिलं की दुसरी, ४ लिहिलं की तिसरी, असं करत १२८ ला आठवी. घरी एलईडी लावून पाहिलं, सुरेख चाललं. मग मी एक सहा व्होल्टचा रिले, म्हणजे कॉइलने चालणारा स्विच, सरळ पिन २ आणि ग्राउंडच्या मध्ये जोडला. रिले हलला नाही. आणि त्यानंतर त्या पिनेवर एलईडीही लागेना.

कॉम्प्युटर बाबांनी हप्त्यांवर घेतलेला होता. एका दुकानात ‘मदरबोर्ड बदलावा लागेल’ म्हणाले आणि जो आकडा सांगितला तो ऐकून मी घरी काही बोललोच नाही. कॅबिनेट स्कूटरवर पायापाशी ठेवून जेल रोडला तुमच्या दुकानात आलो.

तुम्ही रागावला नाहीत. ‘काय लावलं होतंस रे?’ एवढंच विचारलंत. मल्टिमीटरची काळी तार पिन २५ च्या ग्राउंडला, लाल तार एकेका पिनेवर आणि मला आळीपाळीने ० आणि २५५ लिहायला बसवलंत. तीनपासून नऊपर्यंत आकडा शून्याजवळून पाचाजवळ जायचा आणि परत यायचा. दोनवर मात्र काहीही लिहिलं तरी एक व्होल्टच्या आसपास अडकलेला. तुम्ही टेपवर फुली मारलीत आणि म्हणालात, ‘एकच गेली. सात आहेत की!’ माझा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर जे केलंत ते मला जन्मभर पुरलं आहे. मंडळासाठी आणलेल्या बारा व्होल्टच्या रिलेंपैकी एकाची कॉइल मोजलीत. ४०० ओहम. भागाकार मला करायला लावलात: १२ भागिले ४००, म्हणजे ३० मिलीअँपिअर. ‘आणि पोर्ट किती देतो?’ मला माहीत नव्हतं. जुन्या पोर्टाची पिन वर असताना दोन-अडीच मिलीअँपिअरच्या पुढे तिच्याकडून मागू नये, हे तुमच्याकडून कळलं. ‘पिनेने नुसतं सांगायचं. ओढायला दुसरा ठेवायचा,’ असं म्हणत तुम्ही खणातून यूएलएन २००३ काढलीत. सोळा पायांची आयसी, आत ट्रान्झिस्टरच्या सात डार्लिंग्टन जोड्या, एकेक जोडी अर्ध्या अँपिअरपर्यंत ओढणारी. बंद होताना कॉइल जी उलटी लाथ मारते तिच्यासाठी डायोडही आतच, फक्त नवव्या पायाला बारा व्होल्ट जोडायचे. सात पिना उरलेल्या आणि आयसीतही सातच! तुम्हीही हसलात तेव्हा.

सगळं जोडूनही रिले गप्पच होते. शॉक बसू नये म्हणून मी बारा व्होल्टच्या सप्लायचं ग्राउंड पोर्टाच्या ग्राउंडपासून वेगळं ठेवलं होतं. तुम्ही पिन २५ पासून सप्लायच्या मायनसला एक तार टाकलीत, आणि टक, टक, टक, सातही रिले ओळीने वाजले. दुकानातल्या पोराने हातातलं काम सोडून पाहिलं. तो आवाज अजून कानात आहे.

२३० व्होल्टच्या बाजूला मात्र तुम्ही मला हात लावू दिला नाहीत. ते काम मंडळाच्या वायरमनचं, वेगळ्या लाकडी खोक्यात आणि पोर्टाची केबल त्या वायरींपासून लांब. कॅबिनेटवर चिकटवायला पुठ्ठा लिहून दिलात: ‘आधी प्रोग्राम. मग शून्य. मग माळांचा स्विच.’ कॉम्प्युटर चालू होताना विंडोज प्रिंटर शोधतं आणि पिना वाटेल तशा वर-खाली होतात, हे तुम्ही समजावलं होतं. वीज किती वेळा जायची तेव्हा, आणि दर वेळी आम्ही त्याच क्रमाने सुरू करायचो. दहा दिवसांत काही जळलं नाही. आठवी माळ सरळ बोर्डाला लावून मखराभोवती स्थिर ठेवली, बाकीच्या सात तिच्याभोवती पळायच्या. आजीला ती स्थिर माळच जास्त आवडायची.

त्या आयसीचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. कॅबिनेट उघडून बघायचेही नाहीत.

मी आता पीथमपूरला मशीनच्या कंट्रोल पॅनेलचं काम करतो. नव्या मुलांना सप्लाय देण्याआधी आउटपुट मोजायला लावतो, कॉइल मोजून भागाकारही करायला लावतो. परवा भाचा विचारत होता की लॅपटॉपला यूएसबीची प्रिंटर केबल लावून हेच होईल का. नाही होत, तिथे ३७८ हा पत्ताच नसतो. ती केबल फक्त प्रिंटरशी बोलते. मग त्याला तुमची गोष्ट सांगितली, तासभर.

तुमच्या मुलीकडून कळलं की तुम्ही आता पुण्याला असता आणि मोबाइलवर सगळं वाचता. दिवाळीनंतर येतो आहे. केबल बरोबर आणतो, दोनवरची फुली अजून स्पष्ट दिसते.

तुमचा,
रामबागेतला स्कूटरवाला