उरणच्या फेऱ्या वाढल्या, आता हार्बरशी मेळ घाला

संपादक महोदय,

१५ डिसेंबर २०२५ पासून नेरुळ-बेलापूरहून उरणला जाणाऱ्या मार्गावर लोकलच्या दहा फेऱ्या वाढल्या, ४० च्या ५० झाल्या. तरघर आणि गव्हाण या नव्या स्थानकांवरही गाडी थांबू लागली. याबद्दल रेल्वेचे आभार. आभार जरा कोरडे वाटले तर समजून घ्या. हा मार्ग मंजूर झाला नव्वदच्या दशकात, खारकोपरपर्यंत गाडी आली नोव्हेंबर २०१८ मध्ये, तिथे पाच वर्षं अडकली आणि उरणला पोचली १२ जानेवारी २०२४ ला. रेल्वे येणार म्हणून आमच्याकडे जमिनींचे भाव कितीदा चढले असतील, गाडी मात्र सावकाश आली.

मी करंज्याची. वाशीला औषधांच्या एका घाऊक दुकानात हिशेब बघते. लोकल नव्हती तेव्हा जासई नाहीतर करळ फाट्यावर बस ट्रेलरांच्या रांगेत अडकली की घरी किती वाजता पोचणार, हे ड्रायव्हरलाही सांगता यायचं नाही. मुंबईला जायचं तर मोरा बंदरातून लाँच, पण तिथे ओहोटीपुढे कुणाचं चालत नाही. बंदरात गाळ इतका साचतो की पाणी उतरलं की लाँच धक्क्याला लागतच नाही. लोकल आली आणि महिनाभरातच, फेब्रुवारी २०२४ मध्ये, खोपट्याच्या अपघातानंतर एनएमएमटीच्या, म्हणजे नवी मुंबई पालिकेच्या, बस बंद पडल्या. तेव्हापासून आमची सगळी भिस्त या लोकलवर. ती चुकली तर दुसरी सोय सहज मिळत नाही.

आणि ती चुकते. गाडी उशिरा धावते असं नाही, उलट ती बऱ्यापैकी वेळेवर सुटते. अडचण नेरुळच्या पुलावर आहे. वाशीहून हार्बर मार्गावरच्या (सीएसएमटी-पनवेल) पनवेल गाडीने यायचं, नेरुळला उतरायचं, गर्दीतून जिना चढायचा, पूल ओलांडायचा आणि पलीकडचा जिना उतरताना उरण गाडीचा शेवटचा डबा पुढे सरकताना बघायचा. हार्बरची गाडी दोन-तीन मिनिटं मागे पडली, आणि ती पडतेच, की हा प्रकार ठरलेला. उरणच्या गाडीला हार्बरचा पत्ता नसतो. आम्हा बायकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर संध्याकाळी सर्वांत जास्त वेळा येणारा निरोप आहे, ‘गेली. धावू नका.’ पुढच्या डब्यातली आधी उतरते, ती मागच्यांना कळवते. एक गरोदर मुलगी आमच्यासोबत असते. तिच्यासाठी हा निरोप खरोखर उपयोगाचा आहे.

दुसरी गंमत बाहेरच्या वाचकांना ठाऊक नसेल. उरणच्या काही गाड्या नेरुळहून सुटतात आणि काही बेलापूरहून. नेरुळची चुकली की पुढची बेलापूरहून असू शकते. तसं असेल तर नेरुळला थांबण्यात अर्थ नाही, मागून येणारी पनवेल नाहीतर बेलापूर गाडी पकडून पुढे जावं लागतं. रोजच्या माणसाच्या हे अंगवळणी पडलंय. पण ठाण्याहून पहिल्यांदाच उरणला निघालेले म्हातारे आजी-आजोबा नेरुळच्या बाकावर बसून राहतात आणि बेलापूरची गाडी तोवर निघून जाते. आता तरघर सुरू झालंय, विमानतळाकडे जाणारी बॅगावाली मंडळीही यात सापडणार. त्यांना तर विमान पकडायचं असेल.

फेऱ्या वाढवायला डबे लागतात, मोटरमन लागतात, पैसे लागतात, हे आम्हालाही कळतं. मी जे मागते आहे त्याला यातलं काही लागत नाही. नेरुळ आणि बेलापूर, दोन्ही ठिकाणी हार्बरच्या फलाटावरच्या इंडिकेटरवर एक ओळ दाखवा, पुढची उरण गाडी कुठून आणि किती वाजता. उद्घोषणेतही तेच सांगा. वेळापत्रक पुढच्या वेळी हलवाल तेव्हा उरणची गाडी हार्बरच्या गाडीनंतर लगेच सोडू नका, जिना चढून उतरायला माणसाला जेवढा वेळ लागतो तेवढा मधे ठेवा. हा वेळ मोजायचा तर वेळापत्रक करणाऱ्या साहेबांनी एकदा संध्याकाळी सातच्या गर्दीत, हातात भाजीची पिशवी घेऊन तो पूल ओलांडावा.

सीएसएमटी ते उरण थेट लोकल हवी, अशी मागणी आमच्याकडे जोरात आहे. निवेदनं जातात, सभांत टाळ्या पडतात. थेट गाडी कुणाला नको असेल? पण हार्बरवर आहेत त्याच गाड्या एकामागे एक खोळंबतात, त्यात आमच्या थेट गाडीला वाट काढायची म्हणजे पनवेल नाहीतर बेलापूरची एखादी गाडी कमी करणार. मग तिकडचे लोक रुळावर उतरतील, आणि त्यांचं काही चुकलं असं मला म्हणवणार नाही. दिवसातून दोन थेट गाड्या मिळाल्या तर फोटो छान येतील, पण त्या दोन वेळा जुळल्या नाहीत तर माझ्यासारखीला काय उपयोग? आहेत त्या ५० फेऱ्यांचा हार्बरशी नीट मेळ बसला तर सगळ्यांनाच रोज फायदा होईल. आमच्याच काही पुढाऱ्यांना हे पटणार नाही, याची कल्पना आहे.

हे सगळं एकदम जमत नसेल तर एका गाडीपासून सुरुवात करा. रात्रीची शेवटची उरण गाडी तरी घड्याळ बघून सोडू नका. हार्बरची गाडी जुईनगर सोडून पुढे आली आहे, हे तुमच्या नियंत्रण कक्षाला दिसत असतं. तीन-चार मिनिटं थांबा, माणसं चढू द्या. त्या वेळी स्टेशनबाहेर तीन आसनी रिक्षावाला उरणपर्यंत यायला कबूल होत नाही, आणि झालाच तर जो आकडा सांगतो तो माझ्या दिवसाच्या पगारात बसत नाही.

– एक नोकरदार प्रवासी, करंजा (ता. उरण)